किती फुटावर आलंय पाणी? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी हवामान बदलावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. गंमत म्हणजे "हे खरंच होतंय का हो" असं विचारणारं जवळपास कुणीच नाही, एकच पत्र आहे आणि ते पण सासऱ्यांच्या वतीनं. बाकी सगळ्यांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकानं एकच, की दिसतंय, पटतंय, भीती पण वाटते, मग माणसं हलत का नाहीत. नावं छापत नाही, फक्त गावं ठेवलीयत, पत्रं जराशी कापलीयत, रागवू नका.

ताई, आमचं घर सांगलीत कर्नाळ रोडजवळ. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत. बाबा सत्तरीचे आहेत. पावसाळा लागला की दिवसभर मोबाईलवर कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी बघतात, रात्री दोनला उठून बघतात. पण विमा काढूया म्हटलं तर नको, लाईटचं मीटर वर घेऊ म्हटलं तर बघू, माळा करू म्हटलं तर कशाला खर्च. म्हणतात, २०१९ सारखं शंभर वर्षांत एकदाच येतं. एवढी भीती असलेला माणूस काहीच कसं करत नाही?

अहो ते काहीच करत नाहीत असं कुठंय, ते बघतायत! दर तासाला पातळी बघितली की मनाला वाटतं आपण लक्ष ठेवून आहोत, म्हणजे काहीतरी केलंच की. माझं माहेर कोल्हापूर, तिथं लोकांना जावयाचा वाढदिवस आठवणार नाही पण राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका हे शेंबडं पोर पण सांगतं. तुमच्याकडे आयर्विनला ४० आणि ४५. एवढी जागरूक जनता दुसरीकडे कुठं मिळायची नाही, आणि तरी दरवेळी ट्रॅक्टरवरनं गाद्या काढायची वेळ येतेच.

आपल्याला वाटतं की ज्याचं एकदा बुडलं तो शहाणा होतो. यावर अभ्यास झालाय. पूर, उष्णता, वादळ यांच्यापासनं बचावासाठी लोक आधी तयारी कधी करतात, यावरचे २३ देशांतले १०६ अभ्यास दोन संशोधकांनी २०१९ मध्ये एकत्र करून तपासले. त्यात 'स्वतः अनुभवलं होतं का' आणि 'माहिती होती का' या दोन्हींचा कृतीशी संबंध अगदीच लेचापेचा निघाला. घट्ट संबंध कशाशी, तर आजूबाजूचे लोक तसं करतायत का, मला हे जमेल का, आणि करून काही फरक पडेल का, याच्याशी. आता बाबांकडं बघा. गल्लीत कुणी मीटर वर घेतलंय? विमा कुणी काढलाय? नसेल तर बाबा आडमुठे नाहीत, ते गल्लीसारखे आहेत.

अनुभव आणखी एक घोळ करतो. तो भिंतीवर खूण मारून ठेवतो. आमच्या आत्याकडे २००५ च्या पाण्याची रेघ भिंतीवर होती, रंग देताना पण तेवढी सोडून द्यायचे. २०१९ ला तिनं अगदी शिस्तीत त्या रेघेच्या वर वीतभर असं स्टूल लावून फ्रिज चढवला, डाळ-तांदळाचे डबे चढवले, आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसली. पंचगंगा त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेली, तुमची कृष्णा आयर्विनला ५७ च्या पुढं. फ्रिज घरातल्या घरात होडीसारखा फिरत होता. म्हणजे बघा, तिनं तयारी केली नव्हती असं नाही, मागच्या पुराची केली होती. दोन्ही गावांत असं कितीतरी घरांत झालं.

आणि ते शंभर वर्षांत एकदा. हा शब्द ज्यानं काढला त्याला पूरग्रस्तांच्या छावणीत आठवडाभर ठेवायला पाहिजे. पाटबंधारेवाल्यांच्या लाल पूररेषेचा हिशोब शंभर वर्षांच्या पुराचा असतो, निळीचा पंचवीस वर्षांच्या. पण त्याचा अर्थ एकदा येऊन गेला की ९९ वर्षं सुट्टी असा नाही, दर वर्षी शंभरात एक शक्यता असा आहे, आणि नदीला मागच्या वर्षीचं काही लक्षात नसतं. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर किमान एकदा तसा पूर बघायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. आणि हे पाऊस पूर्वीसारखाच पडेल असं धरून.

अमेरिकेत पुराच्या विम्याचा हिशोब वर्षानुवर्षं ठेवलेला आहे. पूर आला की विमा काढणाऱ्यांची रांग लागते, मग दोनचार वर्षं पाणी येत नाही आणि लोक 'फुकट हप्ते भरले' म्हणून पॉलिसी सोडून देतात. तेव्हा बाबा एकटे नाहीत, सांगली सोडा, सातासमुद्रापार पण हेच.

मग करायचं काय. एक तर त्यांच्याशी हवामान बदलावर बोलूच नका, त्याचा इथं काही उपयोग नाही, त्यांना ते पटलेलंच आहे. 'बाबा तयारी करूया' असं पण म्हणू नका, केवढी तयारी, कुठून सुरुवात, माणूस तिथंच दमतो. इलेक्ट्रिशियनला एखाद्या रविवारी सकाळी बोलवून आणा आणि 'मीटर किती वर घेऊ' एवढंच विचारा. आणि दुसरं, बाबांना जे येतं तेच काम त्यांना द्या. आयर्विनला किती फूट झालं की तुमच्या कोपऱ्यावर पाणी येतं, किती झालं की उंबऱ्याला लागतं, हे त्यांना नक्की माहीत असणार. ते आकडे एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येकासमोर एक काम लिहा, या फुटाला कागदपत्रं-औषधं पिशवीत, या फुटाला गाडी बाहेर, या फुटाला आई पाहुण्यांकडे. कागद फ्रिजवर चिकटवा. मग रात्री दोनला उठून बघतील तेव्हा त्या बघण्याला काही अर्थ राहील. विम्याचं म्हणाल तर २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी कंपन्यांना द्यावी लागते, त्यात पूर धरलेला असतो, घर आणि सामान दोन्ही. पण मे महिन्यात काढा बाबा, ३८ फुटाला एजंटला फोन करून काय होणार.

आणि शेजारच्या दोन घरांना मीटरचं काम झाल्यावर चहाला बोलवा, मीटर दिसेल अशा जागी बसवा त्यांना.

पुण्यातल्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, सिंहगड रोड. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी गच्चीवर सोलर बसवावं असं माझ्या मनात तीन वर्षं आहे. ग्रुपवर पर्यावरण दिनाला सगळे झाडांचे फोटो टाकतात, पण मीटिंगमध्ये विषय काढला की शांतता. एकेकाशी बोललो तर म्हणतो 'माझं काही नाही हो, पण लोकांना नको असेल'. हे लोक कोण आहेत ते मला अजून सापडलेले नाहीत.

सापडणार पण नाहीत, कारण ते नाहीतच! तुम्ही नकळत या विषयातला सगळ्यात मोठा शोध लावलाय. २०२४ मध्ये एक पाहणी छापून आली, त्यात १२५ देशांतल्या जवळपास १ लाख ३० हजार लोकांना विचारलं होतं, की हवामान बदल थांबवायला तुम्ही दर महिन्याच्या कमाईतला एक टक्का द्याल का. ६९ टक्के हो म्हणाले. मग त्यांनाच विचारलं, तुमच्या देशातले शंभरातले किती जण हो म्हणतील असं वाटतं? सरासरी उत्तर आलं ४३. म्हणजे जगभर प्रत्येकजण स्वतःला थोडा बरा आणि शेजाऱ्याला बराच चिक्कू समजून बसलाय, आणि शेजारी देणार नाही तर मीच का, म्हणून हात खिशातच. आता 'देईन' म्हणणं आणि खरंच देणं यात अंतर आहे हे मी जाणून आहे, मेंटेनन्सची थकबाकी आमच्याकडे पण असते. पण २६ टक्क्यांचा फरक हा गैरसमजाचा आहे, कंजूषपणाचा नव्हे.

म्हणून सोलर चांगलं कसं हे पटवायला पॉवरपॉइंट करू नका. पटलेलंच आहे. तुम्हाला फक्त पटलेल्यांना एकमेकांचं तोंड दाखवायचंय. मीटिंगच्या आधी पंधरा दिवस चिठ्ठी फिरवा, नाव न घालता, दोनच प्रश्न: तुमची संमती आहे का, आणि इतरांपैकी किती जणांची असेल असं वाटतं? मग मीटिंगमध्ये पहिल्याच मिनिटाला दोन्ही आकडे फळ्यावर लिहा आणि गप्प बसा. माझी पैज आहे की दोन आकड्यांत अंतर निघणार, आणि ते अंतर बघून जे हसू फुटेल ना, त्यातच ठराव होऊन जाईल. (नाही झाला तर मला कळवा, पैज हरले म्हणून पुढच्या अंकात छापते.)

हिशोब मात्र जवळ ठेवा कारण शहा-कुलकर्णी कुणीतरी विचारणारच. आपल्याकडे एक किलोवॉट पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं. दहा किलोवॉट बसवलं तर चाळीस युनिट, वर्षाला चौदा हजारांच्या घरात. आपली वीज बहुतेक कोळशाची, एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला जवळजवळ दहा टन वाचला. केंद्राच्या सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली, स्वतःच्या घरासाठी तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं हे सगळ्यांना पाठ आहे, पण सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागं १८ हजार मिळतात हे फारसं कुणी सांगत नाही. पाण्याच्या टाकीची सावली आणि कबुतरं यांचा विचार मात्र आधी करा.

बसल्यानंतर लिफ्टजवळ एक फळा लावा, या महिन्यात किती युनिट तयार झाले. दिसलं पाहिजे. कॅलिफोर्नियात असं आढळलंय की एका घरावर पॅनल चढलं की त्याच भागात पुढची भराभर चढतात, आणि हे कुणाचं भाषण ऐकून नाही, रस्त्यावरनं जाताना दिसतं म्हणून. फक्त कुठल्या फ्लॅटनं किती वीज जाळली हे लावू नका. तिथंच सॅन मार्कोस गावात २००७ च्या एका अभ्यासात घरोघरी चिठ्ठी टाकली की तुमचा वापर किती आणि शेजाऱ्यांची सरासरी किती. जास्त वापरणारे कमी झाले, छान. पण जे आधीच कमी वापरत होते त्यांनी वाढवला, म्हटले अरे आपण उगीच काटकसर करतोय! मग त्या घरांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला, बास, तेवढ्यानं वाढायचा थांबला. माणूस काय चीज आहे बघा.

सासरे ७४ वर्षांचे, आम्ही नागपूरचे. म्हणतात नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आमच्या लहानपणी पण एवढाच तापायचा, तुम्हालाच एसीची सवय लागली. भर बाराला सायकल काढून बाजारात जातात. त्यांना कसं पटवू?

पटवूच नका ना. तापमानाच्या नोंदी काढून दाखवल्या तर तुम्ही जिंकाल आणि ते रागारागानं साडेबाराला पण जातील. माणसाला नेहमीचं हवामान म्हणजे काय हे फार लांबचं आठवत नाही. दोन अब्जांहून जास्त ट्विट तपासून काढलेला एक निष्कर्ष आहे, की असह्य उन्हाबद्दल लोक दोन ते आठ वर्षांत बोलायचेच बंद होतात, तेच नेहमीचं होऊन जातं. आणि 'आम्हाला सवय आहे' हा तर विदर्भाचा अभिमान, त्याला हात लावू नये.

बोलायचंच असेल तर दुपारचं नको, रात्रीचं काढा. गच्चीवर बाजा टाकून झोपायचात का, पहाटे गोधडी लागायची का, आणि आता? म्हातारी माणसं यावर तासभर बोलतात आणि कुठं पोचायचं तिथं स्वतःच पोचतात. पण बाजारात जाण्याचा आणि पटण्याचा संबंध जोडू नका. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली, त्यावरनं २०१३ ला त्यांनी उन्हाचा आराखडा केला, इशारा द्यायचा, पाण्याची सोय करायची, दवाखान्यांना आधी कळवायचं. त्यात कुठंही आधी लोकांना हवामान बदल पटवा असं कलम नाही. तुम्ही भाजीवाल्याला सकाळी आठला दारात यायला सांगा, सायकलच्या चाकातली हवा अधूनमधून कमी होऊ दे.

मी नाशिकला सेकंड इयरला आहे. दुधाच्या पिशव्या धुऊन ठेवते, स्ट्रॉ घेत नाही, खोलीतला लाईट सारखा बंद करते, मैत्रिणी हसतात. रात्री झोप लागत नाही, असं वाटतं की मी एकटीनं करून काय होणार आणि नाही केलं तर अपराधी वाटतं. काय करू?

आधी झोपेचं. दोन-तीन आठवडे असंच चालू असेल तर कुणाशी तरी बोल, कॉलेजात समुपदेशक असेल तर त्यांच्याशी, नसेल तर सरकारची टेली-मानस लाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जग तापतंय म्हणून तुला झोप न लागणं यात तुझा काही दोष नाही, पण त्यानं जग गार पण होत नाही गं.

आता हिशोब. तू जे करतेस ते चांगलंच आहे, फक्त कशानं किती फरक पडतो याचा आपल्या सगळ्यांचा अंदाज फार चुकतो. अमेरिकेत २०१० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ५०५ लोकांना विचारलं, वीज वाचवायला सगळ्यात चांगलं काय, तर बहुतेकांनी दिवे बंद करणं वगैरे सांगितलं, जास्त कार्यक्षम यंत्र घ्यावं हे थोड्यांनाच सुचलं, आणि मोठी यंत्रं किती वीज खातात याचा अंदाज सगळ्यांचाच फार कमी निघाला. आपल्याकडचं सांगते. नऊ वॉटचा एलईडी रात्रभर आठ तास जळला तरी ०.०७ युनिट. दीड टनाचा एसी तेवढ्याच वेळात दहा युनिट सहज खातो. म्हणजे हॉस्टेलच्या वॉर्डनकाकूंचा एसी एक रात्र आणि तुझा दिवा एकशेचाळीस रात्री, सारखंच! दिवा बंद करच, पण त्यासाठी रात्री उठू नकोस. एसी एक डिग्रीनं वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं, ते काकूंना सांग.

अपराधीपणाचं पण एक ऐक. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवला कुणी, तर बीपी या तेल कंपनीनं, २००० नंतरच्या दशकात जाहिराती करून आणि तुमचा ठसा मोजा म्हणून कॅल्क्युलेटर काढून. तेल विकणारा विचारतोय, तुझा ठसा केवढा! शब्द कामाचा आहे, मी पण वापरते, पण तो कुणाच्या खिशातनं आला हे माहीत असू दे.

आणि एकटीचं म्हणशील तर एकटी राहू नको. मैत्रिणी हसतात त्यातल्या दोघी तरी मनातनं तुझ्यासारख्या असणार, वरचं सोसायटीचं उत्तर वाच. तिघी मिळून एक काम उचला, पिशव्यांचं नको, मोठं. हॉस्टेलच्या गिझरच्या जागी सोलर हीटर, नाहीतर कॉलेजच्या बसला सकाळची एक जादा फेरी, म्हणजे पंचवीस स्कूटी घरी राहतील. प्राचार्य पहिल्यांदा नाही म्हणतील. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

बीड जिल्ह्यात सोयाबीन-कापूस करतो. मीटिंगला साहेब येतात, हवामान बदल हवामान बदल म्हणतात, लोक जांभया देतात. आम्हाला हे कळत नाही असं साहेबांना वाटतं का? आणि कळून तरी आम्ही काय करणार?

दादा, जांभया शब्दाला येतात हो, विषयाला नाही. आपल्याकडे सकाळी आभाळ आलं आणि दुपारी ऊन पडलं तरी 'हवामान बदललं' म्हणतात. रोजचं पण हवामान आणि तीस वर्षांचं पण हवामान, एकच शब्द! त्यामुळं साहेब म्हणतात हवामान बदल, आणि माणूस म्हणतो ते तर रोजच बदलतंय, त्यात काय. तेच कुणी विचारलं की मृग कोरडा कधीपासनं जायला लागला, हस्ताचा पाऊस काढणीला आलेल्या सोयाबीनवर किती वेळा पडला, तर पारावरचे सगळे रात्रीपर्यंत बोलतील. येल विद्यापीठानं भारतभर केलेली पाहणी २०२२ मध्ये आली, त्यात ५४ टक्के लोक म्हणाले ग्लोबल वॉर्मिंगबद्दल अगदी थोडं ऐकलंय किंवा ऐकलंच नाही. मग दोन वाक्यांत काय असतं ते सांगून विचारलं, असं होतंय का? ८४ टक्के म्हणाले होतंय. नाव माहीत नव्हतं, वस्तू ओळखीची होती.

पण तुमचा दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि इथं मी जरा कडू बोलणार आहे. शेतकरी काही करत नाही हे खोटं आहे, सगळ्यात जास्त तोच करतो. पाऊस बेभरवशाचा झालाय हे त्याला बरोबर दिसतं, आणि म्हणून तो बोअर मारतो. शेजाऱ्याचं तीनशे फुटाला लागलं की याचं चारशे, मग त्याचं सहाशे. प्रत्येकाचं आपल्यापुरतं शहाणपणाचंच आहे, आणि सगळ्यांचं मिळून विहिरी आटल्या. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं हे आख्ख्या देशानं बघितलं. पुढं पाऊस झाला आणि मराठवाड्यात ऊस पुन्हा उभा. दिसलं नाही, कळलं नाही, असं कोण म्हणेल? ऊसाला कारखाना आहे, पैसा ठरलेला आहे, ज्वारीला काय आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉयच्या शेतकऱ्यांचा अभ्यास एल्के वेबर नावाच्या बाईंनी केला होता, नव्वदच्या दशकात. ज्यांना हवामान बदलतंय असं वाटत होतं त्यांनी काहीतरी एक केलं, कुणी पिकाची पद्धत बदलली, कुणी बाजारातनं संरक्षण घेतलं, आणि एक केलं की काळजी उतरली, दुसरं केलंच नाही. आपल्याकडे तसं शेततळ्याचं होतं. तळं झालं, फोटो झाला, सुटलो.

हिवरे बाजारचं नाव ऐकून कंटाळला असाल, पण तिथली एक गोष्ट लोक सांगताना गाळतात. झाडं, बंधारे, चर हे तर कितीक गावांनी केलं. तिथं ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर मारायचा नाही असं ठरवलं, ऊस-केळी नाही असं ठरवलं, आणि दरवर्षी पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, तो बघून कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. पोपटराव पवारांच्या गावात लोक जास्त जागरूक होते म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. शेजारी बोअर मारणार नाही याची खात्री झाली, म्हणून प्रत्येकाला थांबता आलं. एकट्यानं थांबणं म्हणजे नुसतं नुकसान, आणि ते कुणी कुणाला सांगू नये.

गाव तयार होईपर्यंत स्वतःच्या बांधावरचं म्हणाल तर तुम्हाला माहीत असेलच, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणी नको, सोयाबीन बीबीएफ यंत्रानं रुंद वरंब्यावर, म्हणजे खंड पडला तरी ओल राहते आणि धो धो आला तर सरीतनं निघून जातो. आणि पाऊस मोजायला साहेब कशाला, एक पर्जन्यमापक शाळेच्या पत्र्यावर लावा, पोरांना रोजचा आकडा फळ्यावर लिहू द्या. महसूल मंडळाचा आकडा आणि तुमच्या शिवाराचा आकडा यात काय फरक असतो हे पीक विम्याच्या वेळी तुम्हीच मला सांगाल.

रत्नागिरीत प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांना किती घाबरवायचं?

घाबरवायचंच कशाला बाई. भीतीनं लक्ष जातं, पण पुढं काय करायचं ते हातात नसेल तर पोरं तोंड फिरवतात, मोठी माणसं पण. बर्फावरचं अस्वल काढा भिंतीवरनं, त्यांनी ते कधी बघितलं नाही. जून २०२० चं निसर्ग वादळ त्यांच्या घरच्यांनी बघितलंय, कुणाची पोफळीची बाग गेली ते घरी विचारून या म्हणावं, आणि पुढच्या वादळाच्या आधी कौलं कशी बांधायची ते आजोबांना वर्गात बोलवून शिका.

ताई, तुम्ही सगळ्यांना सांगता. स्वतः काय करता? (पुणे)

हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं, म्हटलं जागा संपली तर राहील. पण उरलीय.

आमच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे, तेरा वर्षांचा. बोअरच्या पाण्यानं क्षार धरून नळ्या चोंदल्या आणि दोन वर्षं तो नुसता उन्हात उभा आहे, आम्ही खाली गिझर लावून आंघोळी करतोय. दोन वर्षं मी या विषयावर लिहितेय, वर दिलेले सगळे आकडे मला पाठ आहेत, एक युनिट म्हणजे किती किलो हे मी झोपेत सांगीन. पण कोण माणूस आणायचा, तो किती घेणार, नळ्या बदलाव्या लागल्या तर, बघू दिवाळीनंतर. मागच्या महिन्यात समोरच्या वहिनींनी त्यांचा साफ करून घेतला, अर्ध्या दिवसात झाला, मला गच्चीवरनं दिसत होतं. संध्याकाळी जाऊन त्या माणसाचा नंबर आणला. शनिवारी येतो म्हणालाय, सकाळी दहाच्या आत, ऊन व्हायच्या आधी.